वगळलेल्या बायका, न मोजलेल्या शस्त्रक्रिया

बहुतेक औषधांच्या माहितीपत्रकात गरोदरपणाच्या रकान्यात एक ठरावीक वाक्य असतं: गरोदर स्त्रियांमधील सुरक्षिततेबाबत पुरेशी माहिती उपलब्ध नाही, फायदा धोक्यापेक्षा जास्त वाटत असेल तरच वापरावे. औषध बाजारात येऊन वर्षानुवर्षं लोटली तरी हे वाक्य तसंच राहतं. दरम्यान फिट्स, दमा, थायरॉइड, रक्तदाब, नैराश्य असलेल्या बायकांना दिवस जातातच, औषधं लागतातच, आणि डॉक्टर ती अंदाजाने देतात. म्हणजे प्रयोग चालूच असतो. त्याचा आराखडा कुणी लिहिलेला नसतो, निकाल कुणी नोंदवत नाही, आणि नुकसान झालंच तर ते एका घरापुरतं राहतं.

शस्त्रक्रियेच्या खोलीत याच्या नेमकं उलट घडतं. अंग बाहेर येण्यावर योनीमार्गे बसवायची जाळी असो, की दुर्बिणीतून गर्भाशय काढण्याची नवी पद्धत असो, ती आधी हजारो बायकांवर वापरली जाते आणि चाचणी नंतर कधीतरी होते. औषधांच्या बाबतीत नको इतकी भीती आणि शस्त्रक्रियांच्या बाबतीत नको इतका उत्साह, या दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं. बाईचं पुढे काय झालं हे मोजण्याची जबाबदारी कुणावरच नाही. ती कुणावर तरी असली पाहिजे, आणि उपचार सर्रास सुरू होण्याआधी असली पाहिजे.

गरोदर स्त्रियांना चाचण्यांत घ्या म्हटलं की पहिलं उत्तर येतं थॅलिडोमाइडचं. हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं, १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं गेलं, आणि तोवर जगभरात सुमारे दहा हजार बाळं हातापायांच्या व इतर व्यंगांसह जन्मली होती. पण ही बाळं चाचणीमुळे जायबंदी झाली नाहीत. गरोदरपणातली कोणतीही नीट चाचणी न करता औषध मळमळीवर सर्रास दिलं गेलं, म्हणून झाली. काही शे बायकांची पद्धतशीर नोंद ठेवली असती तर त्यातही काही बाळांना इजा झाली असती, हे मान्य केलंच पाहिजे. पण आकडा हजारांत गेला नसता. अमेरिकेत हे औषध बाजारात येऊ शकलं नाही, कारण अन्न व औषध प्रशासनातल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी पुरावा मागत राहिल्या. धडा होता पुरावा मागण्याचा. घेतला गेला तो बायकांना वगळण्याचा: १९७७ मध्ये त्याच प्रशासनाने मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांना सुरुवातीच्या टप्प्यांतल्या चाचण्यांपासून दूर ठेवावं असं मार्गदर्शन केलं, आणि ते मागे घ्यायला १९९३ उजाडलं.

डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉलची कथा याहून बोलकी आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. गर्भपात टळावा म्हणून हे संप्रेरक १९४० च्या दशकापासून दिलं जात होतं. १९५३ मध्ये शिकागोच्या नियंत्रित चाचणीत त्याचा काहीही उपयोग नाही असं स्पष्ट दिसलं. तरी ते देणं चालूच राहिलं. १९७१ मध्ये त्या बायकांच्या तरुण मुलींमध्ये योनीचा एक दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा कुठे प्रशासनाने गरोदरपणातला वापर थांबवायला सांगितला. चाचणी झाली होती, निकाल हाताशी होता. चाचणी करण्याइतकंच तिचा निकाल मानणं बंधनकारक नसेल तर काय होतं, ते या अठरा वर्षांत दिसतं.

गरोदरपणात औषधाचा डोस तोच ठेवून भागत नाही, ही गोष्ट तर साध्या शरीरक्रियेची आहे. रक्तातला द्रवभाग चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतो. मूत्रपिंडातून गाळण्याचा वेग जवळपास निम्म्याने वाढतो. यकृतातली काही विकरं जोरात चालतात, काही मंदावतात. फिट्सवरचं लॅमोट्रिजिन या काळात इतकं भराभर बाहेर टाकलं जातं की रक्तातली पातळी निम्म्यावर किंवा त्याहून खाली येऊ शकते आणि नियमित गोळी घेणाऱ्या बाईला झटके येऊ लागतात. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत शरीर पूर्ववत होतं. वाढवलेला डोस तेव्हा कमी केला नाही तर तोल जाणं, दुहेरी दिसणं सुरू होतं, तेही तान्हं बाळ कडेवर असताना. थायरॉक्सिनचा डोस दिवस राहिल्याचं कळताच पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो. हे आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी गरोदर बायकांचं रक्त तपासून पातळी मोजली.

अशा अभ्यासाला फार काही लागत नाही. जी बाई ते औषध आधीपासून घेतेच आहे तिच्याकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत, व बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांनी, गोळीच्या आधी आणि नंतर ठरावीक तासांनी रक्ताचे काही नमुने घ्यायचे. प्रसूतीच्या वेळी नाळेतलं थोडं रक्त. पंधरा-वीस जणींत डोसचं चित्र बरंचसं स्पष्ट होतं. नवा धोका शून्य, कारण औषध तर ती घेतच होती. हेही होत नाही, तेव्हा अडचण नीतिमत्तेची आहे असं म्हणता येत नाही. गरोदर बाई ही औषध कंपनीच्या दृष्टीने छोटी बाजारपेठ आणि मोठी कायदेशीर जोखीम असते, खरं कारण ते आहे.

माहिती नसण्याची किंमत एचआयव्हीवरच्या डोल्युटेग्राविरने दाखवली. २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या जन्मनोंदींत, गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेणाऱ्या ४२६ मातांच्या बाळांत मेंदू-मज्जारज्जूच्या नळीचे ४ दोष आढळले. चार हा आकडा इतका लहान की एक-दोन इकडेतिकडे झाले तरी टक्केवारी उलटीपालटी होते. पण तुलनेला दुसरी माहितीच नव्हती, म्हणून कित्येक ठिकाणी मूल होऊ शकणाऱ्या बायकांना हे चांगलं औषध नाकारलं गेलं. पुढे त्याच नोंदी हजारोंत गेल्या तसा फरक विरत गेला, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सर्वांसाठी पहिल्या पसंतीचं ठरवलं. इथे बायकांना योग्य औषध परत मिळालं ते नोंद ठेवणाऱ्यांमुळे.

गरोदरपणात मोठ्या चाचण्या करताच येत नाहीत, हे म्हणणं प्रसूतिशास्त्राच्याच इतिहासाशी जुळत नाही. २००२ च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांनी भाग घेतला आणि मॅग्नेशियम सल्फेटने गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबामुळे येणाऱ्या झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो हे सिद्ध झालं. या औषधाची सुरक्षित हद्द अरुंद आहे; जास्त झालं तर आधी गुडघ्याचा प्रतिक्षेप जातो, मग श्वास मंदावतो. म्हणून प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली गेला नाही ना, आणि लघवी तासाला निदान तीस मिलिलिटर होते आहे का. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी हवं. रक्तातली पातळी मोजायची सोय नसलेल्या ठिकाणीही हे जमलं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आईला देण्याच्या स्टिरॉइडचा इतिहास मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात चाचणीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ मध्ये २८२ मातांवरची चाचणी प्रसिद्ध केली. बाळांचे श्वासाचे त्रास आणि मृत्यू कमी झाले होते. तरी ही इंजेक्शनं सर्वत्र रूढ व्हायला दोन दशकं गेली. मधल्या काळात किती बाळं गेली याचा हिशेब कुणाकडेच नाही. मग उलटी घाई झाली. श्रीमंत देशांच्या मोठ्या रुग्णालयांत जे लागू पडलं ते सगळीकडे लागू पडेल असं गृहीत धरलं गेलं. २०१५ ची 'ॲक्ट' चाचणी सहा देशांतल्या जवळपास एक लाख जन्मांवर झाली. तिथे वेळेआधी प्रसूती कुणाची होणार हे बऱ्याच ठिकाणी पोटाची उंची टेपने मोजून ठरवलं जाई. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या कित्येक मातांनाही इंजेक्शनं गेली. एकूण बालमृत्यू घटले नाहीत, वाढले; मातांमधला जंतुसंसर्गही वाढला.

औषध वाईट ठरलं होतं का? २०२० मध्ये बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान या पाच देशांत 'ॲक्शन' चाचणी झाली. डेक्सामेथासोन तेच, सहा मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी. फरक इतकाच की दिवस सोनोग्राफीने नक्की केलेले होते, २६ ते ३४ आठवड्यांच्याच माता घेतल्या होत्या, आणि बाळांची काळजी घेण्याची सोय असलेली रुग्णालयं निवडली होती. २,८५२ माता. बालमृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले, मातांचा जंतुसंसर्ग वाढला नाही. एकच इंजेक्शन एका व्यवस्थेत जीव वाचवतं आणि दुसरीत अपाय करू शकतं. उपचाराचा अभ्यास तो जिथे वापरला जाणार तिथेच करावा लागतो, हा आग्रह म्हणूनच धरायचा.

मोजमापाचं महत्त्व सगळ्यात स्वच्छ दिसतं ते बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात. किती रक्त गेलं हे नजरेने सांगायची पद्धत जुनी आहे, आणि नजर मोठा रक्तस्राव नेहमी कमीच सांगते. चादरीत, कापसात, बादलीतल्या पाण्यात मुरलेलं रक्त डोळ्याला दिसत नाही. ई-मोटिव्ह चाचणीने यावर उपाय म्हणून एक साधी प्लॅस्टिकची चादर वापरली. बाळ बाहेर आल्यावर, गर्भजल वाहून गेल्यावर ती बाईच्या कमरेखाली सरकवायची. खाली नरसाळ्यासारखी पिशवी, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी पातळी, नाडी, रक्तदाब आणि गर्भाशयाचा कडकपणा बघायचा. ५०० मिलिलिटरला, किंवा ३०० मिलिलिटर झालं आणि सोबत दुसरं एखादं लक्षण बिघडलेलं दिसलं तर, सगळे उपाय एकदम सुरू करायचे: गर्भाशय चोळणं, आकुंचनाची औषधं, रक्तस्राव आटोक्यात आणणारं ट्रॅनेक्सामिक ॲसिड, सलाईन, फाटलं आहे का ते तपासणं. एक उपाय करून थांबायचं, मग दुसरा, ही सवय मोडायची होती. आफ्रिकेतल्या चार देशांत, दोन लाखांहून जास्त प्रसूतींवर २०२३ मध्ये निकाल आला: तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर. रक्तस्राव वेळेत ओळखला जाण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर. यात एकही नवं औषध नव्हतं.

आता शस्त्रक्रियेकडे. योनीमार्गे बसवायच्या जाळीला अमेरिकेत परवानगी मिळाली ती 'आधीच्या मान्य उपकरणासारखीच आहे' एवढ्या आधारावर. नव्या जागी ती कशी वागेल याच्या चाचणीची सक्ती नव्हती. जाळी योनीच्या पातळ आवरणातून बाहेर डोकावू लागली, आक्रसली, संबंध दुखरे झाले, आणि एकदा मांसात रुजल्यावर पूर्ण काढणं कठीण. ब्रिटनमधल्या २०१७ च्या प्रॉस्पेक्ट चाचणीत नेहमीच्या टाक्यांपेक्षा जाळीचा काही जास्त फायदा दिसला नाही, उलट दर दहांतल्या एकीहून जास्त जणींना जाळीचाच त्रास झाला. अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गे वापरायच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये थांबवायला सांगितली गेली. चाचणी आधी झाली असती तर हा प्रश्न काही शे बायकांपुरता राहिला असता.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दुर्बिणीने मोठी शस्त्रक्रिया करण्याचंही तेच. जुन्या केसपेपरांवर आधारलेले निबंध वर्षानुवर्षं सांगत होते की दुर्बीण आणि पोट उघडणं सारखंच. २०१८ मध्ये ६३१ बायकांना यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, दोन गटांत विभागून केलेल्या चाचणीचा निकाल आला: साडेचार वर्षांनी आजार परत न आलेल्या बायका, पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. लहान चिरा, लवकर घरी, कमी वेदना हे सगळं खरं होतं. पण ते तिसऱ्या दिवशी मोजलं जात होतं आणि आजार तिसऱ्या वर्षी परतत होता.

दुर्बिणीच्या मूत्रमार्ग-शस्त्रक्रियेत तर चाचण्या आणखी विरळ. १९९० मध्ये सेंट लुईसला क्लेमन यांनी दुर्बिणीतून पहिलं मूत्रपिंड काढलं. १९९५ मध्ये जिवंत दात्याचं मूत्रपिंड याच मार्गाने काढायला सुरुवात झाली. दाता धडधाकट माणूस असतो, आणि जगात निम्म्याहून जास्त दाते बायका आहेत. मूत्रपिंडाच्या धमनीवर लावलेली प्लॅस्टिकची कुलूपबंद क्लिप काही दात्यांमध्ये निसटली आणि ते रक्तस्रावाने दगावले. निर्मात्याने २००६ मध्ये या वापराला मनाई केली, तरी २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला पुन्हा इशारा द्यावा लागला. कापलेल्या धमनीचा उरलेला देठ दात्यात अगदी आखूड असतो, कारण लांबी मूत्रपिंड मिळणाऱ्या रुग्णाला हवी असते. क्लिपच्या पुढे पुरेसा मांसल काठ उरत नाही, म्हणून ती घसरते. एकेका रुग्णालयात अशी घटना एकदाच घडते, अपवाद मानून विसरली जाते. सर्व दात्यांची एकच नोंदवही असती तर दुसऱ्या-तिसऱ्या मृत्यूलाच लक्षात आलं असतं.

मूत्रवाहिनीची, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीची, इजा हे या सगळ्या न मोजण्याचं सर्वांत रोजचं उदाहरण. गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर ती गर्भाशयाच्या धमनीखालून जाते. दुर्बिणीतून धमनी जाळून बंद करताना उष्णता बाजूला पसरते. वाहिनी त्या क्षणी कापली जात नाही, शिजते. शस्त्रक्रियेच्या शेवटी मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिलं तर दोन्ही बाजूंनी लघवीचा फवारा नीट येतो, कारण जळलेली भिंत अजून गळलेली नसते. बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जाते, डिस्चार्ज कार्डवर 'गुंतागुंत नाही' असं लिहिलं जातं. सात ते चौदा दिवसांत भिंत गळते: कमरेत दुखणं, ताप, किंवा योनीतून सतत पाणी. मग ती बहुधा दुसऱ्याच डॉक्टरकडे जाते. आणि वाहिनी गळण्याऐवजी आक्रसली तर काहीच कळत नाही. दुसरं मूत्रपिंड काम सांभाळून घेतं, मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, क्रिएटिनिन, नॉर्मल येते, आणि एक बाजू गुपचूप निकामी होते.

आता हेच रुग्णालय शंभर शस्त्रक्रियांचा निबंध लिहितं: मूत्रवाहिनीच्या इजा शून्य. सगळ्या शंभर जणींची नंतर खरोखर तपासणी झाली असली, तरीही संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने शंभरात शून्य म्हणजे खरं प्रमाण तीन टक्क्यांपर्यंत असू शकतं. आणि एखाद्या तंत्राने इजा एक टक्क्यावरून अर्ध्यावर येते हे दाखवायचं असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ४,७०० बायका लागतात. एका सर्जनच्या आयुष्यभराच्या कामातून हा आकडा बाहेर येणार नाही. अनेक रुग्णालयांनी एकत्र येण्याला म्हणूनच पर्याय नाही. दुर्बिणीतून फिस्टुला (लघवीच्या मार्गातून योनीत पडलेलं भोक) दुरुस्तीचे निबंध वीस-तीस जणींचे असतात, आणि त्यातलं 'यश' कधी कॅथेटर काढल्याच्या दिवशी मोजलेलं असतं, कधी तीन महिन्यांनी. दोन्ही आकडे एका तक्त्यात बसवून तुलना करणं चूक आहे.

सर्जन मंडळींचा आक्षेप रास्त आहे की शस्त्रक्रिया म्हणजे गोळी नव्हे, हातावर बरंच अवलंबून असतं. पण त्याला उत्तर आहे. सहभागी होण्याआधी प्रत्येकाने ठरावीक संख्येच्या शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात आणि न कापलेलं चित्रण जमा करावं. किंवा ज्याचा हात ज्या पद्धतीत बसला आहे त्याने तीच करावी आणि बायकांची विभागणी त्या-त्या सर्जनकडे यादृच्छिक व्हावी. २००९ मध्ये मांडलेला 'आयडियल' आराखडा पहिल्या रुग्णापासून दीर्घकालीन नोंदीपर्यंत कोणत्या टप्प्यावर काय लिहायचं ते सांगतो. आराखडा आहे, वापरण्याची सक्ती नाही.

संमतीचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. कळा सोसणाऱ्या बाईपुढे चार पानांचा कागद धरून सही घेणं ही संमती नव्हे. माहिती सातव्या-आठव्या महिन्यात, तपासणीच्या वेळी, तिच्या बोलीत आणि घरच्यांच्या दबावाशिवाय द्यावी. प्रसूतीच्या वेळी फक्त 'तुमचा विचार अजून तोच आहे ना' एवढं विचारावं. नाही म्हटलं तर उपचारात तसूभर फरक पडणार नाही, हे सांगणारा माणूस तिच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी नसावा. जिवावर बेतलेल्या रक्तस्रावात आधी उपचार आणि शुद्धीवर आल्यावर संपूर्ण माहिती व माघार घेण्याचा हक्क, ही वाट नैतिकता समितीने आधी मंजूर केलेली असेल तरच घ्यावी.

म्हणून मागणी अशी. नैतिकता समितीने आराखड्यात गरोदर बायकांना का घेतलं हे विचारावंच, पण का वगळलं याचंही लेखी शास्त्रीय कारण मागावं. 'त्या दुर्बल गटात मोडतात' हे कारण पुरेसं धरू नये. औषध कंपनीला परवानगी देताना गरोदरपणातील नोंदवहीची मुदत ठरवून द्यावी, आणि मुदत उलटली तर माहितीपत्रकातलं ते जुनं वाक्य तसंच ठेवायची मुभा नसावी. बाळाची तपासणी दोन वर्षांपर्यंत व्हावी आणि तिचा खर्च चाचणीच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरलेला असावा. उशिरा दिसणारा परिणाम नाळ कापताना मोजता येत नाही. ओटीपोटातल्या दुर्बिणीच्या प्रत्येक नव्या पद्धतीत सहा आठवड्यांनी दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी सक्तीची असावी, आणि जी बाई परत आली नाही तिची गणना 'ठीक' मध्ये न करता 'माहिती नाही' अशी वेगळी छापावी. परत न आलेल्यांचा आकडा मुख्य तक्त्यातच दिसला पाहिजे. तो नसलेला निबंध संपादकांनी परीक्षकांकडे न पाठवता लेखकांना परत करावा.